तिसऱ्या ब्रशला हात लावण्यापूर्वी

आपल्या १९२४ सालच्या फोर्ड मॉडेल टी गाडीत वेग वाढताच अ‍ॅमीटरचा (चार्जिंगचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा १८ अँपिअरपर्यंत जातो, दिवे भगभगतात आणि बल्ब उडतात, म्हणून डायनॅमोचा तिसरा ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज घेणारा कार्बनचा तुकडा) मागे घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की तो इतक्यात हलवू नये.

फोर्डने १९१९ मध्ये बॅटरी आणि डायनॅमो देण्यापूर्वी या गाडीचे दिवे फ्लायव्हीलवरील मॅग्नेटोवर (कायम चुंबकांच्या वीजजनित्रावर) चालत आणि इंजिन मंदावले की तेही मंदावत. नव्या डायनॅमोत व्होल्टेज रेग्युलेटर नव्हता. फील्ड कॉइलला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या वेटोळ्याला, वीज तिसऱ्या ब्रशकडून मिळे. वेग वाढला की आर्मेचरमधील (डायनॅमोच्या फिरत्या वेटोळ्यांमधील) प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र एका बाजूला सरकते, त्या ब्रशला मिळणारे व्होल्टेज घटते आणि फील्ड आपोआप दुबळे होते. ही युक्ती प्रवाहाला आवर घालते, व्होल्टेजला नाही. व्होल्टेज धरून ठेवते ती बॅटरी. त्यामुळे बॅटरीच्या वाटेत गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग असेल, तर डायनॅमोचे व्होल्टेज चढते, त्यासोबत फील्ड बळकट होते आणि चार्जिंग कमी होण्याऐवजी वाढते. आजच्या अल्टरनेटरची सवय असलेल्या मेकॅनिकला हे उलटे वाटते आणि तो ब्रशच सरकवत बसतो.

म्हणून इंजिन मध्यम वेगावर ठेवून व्होल्टमीटरची एक तार डायनॅमोच्या टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या धन खुंटीवर (तारेच्या पकडीवर नव्हे) लावून पाहावे. नंतर हीच तपासणी डायनॅमोचा सांगाडा आणि बॅटरीची ऋण खुंटी यांच्यात करावी. कोठेही अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर दोष तेथेच आहे असे मी धरतो. कटआउटचे (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) संपर्कबिंदूही यात येतात.

वाट स्वच्छ असूनही काटा चढाच राहिला, तरच तिसरा ब्रश आर्मेचरच्या फिरण्याच्या उलट दिशेने अगदी किंचित सरकवावा. दिवसाच्या फेरफटक्याला ८ ते १० अँपिअर पुरतात. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) बारीक काचपेपरने पुसावा, एमरीने नव्हे, कारण तिचे कण पट्ट्यांमध्ये अडकून राहतात. डायनॅमो उतरवलाच, तर त्याला टेबलावर ६ व्होल्ट देऊन मोटरसारखा फिरवून पाहावे. तो अडखळला, तर आर्मेचर वाइंडरकडे न्यावे. परत बसवल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी बॅटरीची तार डायनॅमोच्या टर्मिनलला क्षणभर टेकवून ध्रुवता द्यावी.

बॅटरी सुटलेली असताना मात्र इंजिन कदापि चालवू नये. मी एकदा, केवळ आवाज ऐकण्यापुरते म्हणून, ते चालवले आणि ब्रशवरचे झाकण उघडले तेव्हा आतल्या बाजूला आर्मेचरवरून उडालेल्या सोल्डरच्या थेंबांची चंदेरी रांग दिसली. बॅटरीशिवाय चालवणे भागच असेल, तर डायनॅमोचे टर्मिनल आधी जाड तारेने इंजिनच्या धातूला जोडून घ्यावे.