घरी काडतुसे भरताना : .४४ मॅग्नमविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या दमदार काडतुसाचा धक्का हाताला फार बसतो, म्हणून घरी काडतुसे भरताना दारू थोडी कमी घातली तर चालेल का?

उत्तर : सरसकट चालेल असे नाही, आणि दारूच्या वजनाचा आकडा तर माझ्याकडूनही घेऊ नका; तो दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या चालू तक्त्यातूनच, गोळीचे नेमके वजन आणि बनावट पाहून घ्यावा. एच-११० सारखी मंद जळणारी दारू तक्त्यापेक्षा फार कमी घालू नये, असे उत्पादकच बजावतो, कारण ती नीट पेटली नाही तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी झाडली गेल्यास नळी फुटू शकते. सौम्य काडतुसांसाठी जलद जळणारी दारू वापरतात. मात्र ती पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, इतकी कमी जागा व्यापते की चुकून दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि माझ्या मते घरच्या भरणीतला सर्वांत मोठा धोका हाच आहे. म्हणून दारू घातलेल्या सर्व पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत विजेरीचा झोत टाकून पातळी पाहावी, आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा.

प्रश्न : माझी भरलेली काडतुसे झाडताना चार-पाच फैरींनंतर सिलिंडर फिरेनासा होतो. दोष रिव्हॉल्व्हरचा आहे का?

उत्तर : बहुधा नाही. धक्क्याने रिव्हॉल्व्हर आणि पुंगळ्या झटक्यात मागे जातात, पण सैल बसलेली गोळी जडत्वामुळे जागीच राहू पाहते, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकते आणि तिचे टोक सिलिंडरबाहेर येऊन अडते. पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत पक्की वळवावी. त्याआधी सर्व पुंगळ्या कापून एका लांबीच्या कराव्यात, नाहीतर आखूड पुंगळीची कड कमी वळते. मग सहा काडतुसे घालून पाच झाडा आणि सहाव्याची लांबी आधी व नंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ती वाढली असेल, तर तो सगळा घाणा बाद समजावा.

प्रश्न : .४४ स्पेशल या मॅग्नमपेक्षा सौम्य काडतुसाच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी मॅग्नमची पुंगळी कापून वापरता येईल का?

उत्तर : मी तसे करू देणार नाही. १९५५ मध्ये मॅग्नम आले तेव्हा त्याची पुंगळी सुमारे अष्टमांश इंच लांब ठेवली गेली, ती जुन्या शस्त्रात बसूच नये यासाठी. स्पेशलची दाबमर्यादा प्रति चौरस इंच १५,५०० पौंड आहे, तर मॅग्नमची ३६,०००. कापलेल्या पुंगळीच्या बुडावर मॅग्नमच्या नावाची मोहोर तशीच राहते आणि पुढे कोणाच्या हाती काय पडेल, याचा भरवसा उरत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये माझ्याकडे शस्त्रपरवाना आहे. मला घरी काडतुसे भरता येतील का?

उत्तर : नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही.

प्रश्न : पुंगळ्या घासण्याचे यंत्र गॅरेजमध्ये ठेवले आहे. मुले तिथे खेळतात.

उत्तर : यंत्र आजच हलवा. बहुतेक प्रायमरमध्ये (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) शिशाचे संयुग असते आणि कोरड्या घासणीत त्याची धूळ उडते. पुंगळ्या पाण्यात घासणे अधिक सुरक्षित असते. त्या पाण्यातही शिसे उतरते, म्हणून स्वयंपाकघराचे बेसिन वापरू नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवून कपडे बदला आणि मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या.