माणसातली हिंसा जास्त कोण आवरतं, धर्म की मानवतावाद?

तुम्ही लिहिलंय की तुमची आई म्हणते धर्माचा धाक नसता तर माणसांनी एकमेकांचे गळे कापले असते आणि तुमचा मित्र म्हणतो धर्मामुळेच कापले जातात, तर दोघांतलं खरं कोण. मी सिंधुदुर्गातल्या एका लहान गावातला आहे, पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा जे डोळ्यांनी बघितलं तिथून सुरुवात करतो.

मी सातवीत होतो. जत्रेची रात्र, दशावतारवाले देवळामागे तोंडाला रंग लावत बसलेले, पालखी निघायची वेळ झालेली. पालखीची पुढची दांडी कोणी धरायची यावरून दोन भावक्यांत आधीपासून धुसफूस होतीच, त्या रात्री शिवीगाळ झाली, धक्काबुक्की झाली आणि कोणीतरी नारळ सोलायचा कोयता उचलला. खाजेवाल्याचं टेबल आडवं झालं, पायाखाली खाजा चुरडल्याचा आवाज मला अजून आठवतो. आमचा गुरव तेव्हा सत्तरीच्या पुढे, फासळ्या मोजता येतील असा हडकुळा, तो देवीचा कळस छातीशी धरून दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आधी माका मार, मगे तेका." कोयतेवाल्याचा हात खाली आला, बस्स, संपलं. पोलीस स्टेशन तालुक्याला, कायद्याचं कलम तिथे कोणाला आठवणार होतं? हात खाली आला तो देवीच्या धाकाने, म्हणून तुमची आई चुकीचं बोलत नाही.

शांतादुर्गेची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते, शिव आणि विष्णू लढायला लागले तेव्हा देवी मध्ये उभी राहिली आणि दोघांना दोन हातांनी शांत केलं. म्हणजे भांडण मिटवायचं तर कोणीतरी मध्ये उभं राहावं लागतं, हे धर्माला नीट कळलेलं आहे. पण त्याच देवीचं मूळ देऊळ गोव्यात केळोशीला होतं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या सक्तीमुळे मूर्ती रातोरात कवळ्याला न्यावी लागली. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळत नाही अशा संशयावरून माणसांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, 1560 ला सुरू झालं ते मधली काही वर्षं सोडून 1812 पर्यंत चाललं. ते चालवणारी माणसं शेजाऱ्यावर प्रेम करा असं शिकवणाऱ्या धर्माचीच होती.

आता गावातलीच दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. मी बारावीत असताना खालच्या वाडीतल्या माझ्याच वर्गमित्राने गावबैठकीत उभं राहून विचारलं की आमच्या वाडीचा खांदा पालखीला का चालत नाही. दोन दिवसांनी एसटी स्टँडच्या मागे चौघांनी त्याला मारलं, डाव्या भुवईवर पाच टाके पडले. तो गुरव तेव्हा जिवंत होता. मी संध्याकाळी देवळात गेलो तर तो पायरीवर बसून फुलं निवडत होता, मी झालेलं सगळं सांगितलं तरी त्याने मान वर केली नाही. भित्रा म्हणावं तर हा कोयत्यासमोर उभा राहिलेला माणूस! पण त्याच्या लेखी तो मुलगा मानकऱ्यांपैकी नव्हता, आपल्यातला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी मध्ये पडायचं त्याच्या मनातही आलं नसावं.

मला वाटतं प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. धर्म हात आवरतो पण बहुतेक वेळा गावाच्या शिवेच्या आतच, आणि ती शीव कुठे आहे हे आधीच ठरलेलं असतं. महाडला 20 मार्च 1927 ला काय झालं बघा. चवदार तळं सगळ्यांना खुलं असा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता, बाबासाहेबांबरोबर दलित लोक शांतपणे जाऊन पाणी प्यायले, आणि मग अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, त्यावरून जमाव काठ्या घेऊन आला आणि जेवत असलेल्या माणसांना, घरी परत निघालेल्या माणसांना मारलं. बाबासाहेबांच्या आजूबाजूला उलट मारायला तयार असलेले कितीतरी लोक होते, त्यांनी त्यांना आवरलं. महाडच्या काही मुसलमान घरांनी मार खाल्लेल्यांना आसरा दिला. पुढे तळ्याचं भांडण कोर्टात लढलं गेलं आणि 1937 साली हायकोर्टात जिंकलं गेलं, दहा वर्षं लागली.

तुमच्या मित्राला मात्र एक सांगा, देव काढून टाकला की आपोआप माणुसकी येते असं नाही हो. फ्रान्समध्ये 1789 ला माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला आणि चार-पाच वर्षांत सुमारे 17 हजार लोकांना रीतसर शिक्षा देऊन मारलं. कंबोडियात पोल पॉट या हुकूमशहाच्या कम्युनिस्ट राजवटीने 1975 ते 1979 मध्ये देशातली जवळपास पाव लोकसंख्या संपवली, बौद्ध भिक्षूंनाही सोडलं नाही. तिथेही शीव आखलेलीच होती, फक्त जातीच्या जागी वर्गशत्रू आला. बाबासाहेब स्वतः समाजाला धम्म लागतो असं मानायचे, स्वातंत्र्य समता बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही तर बुद्धाकडून घेतली असं त्यांनी सांगितलं होतं आणि 1956 ला त्यांनी दीक्षाही घेतली, नुसत्या कोरड्या तत्त्वावर माणसं आयुष्यभर टिकत नाहीत हे त्यांना कळत असणार.

तरीपण निवडच करायची तर मी मानवतावादाकडे जाईन, कारण समोरचा कोणाचा कोण हे न विचारता मारू नका असं तोच म्हणतो. आमच्या गावात हे काम शाळेतल्या एका रिटायर्ड बाईंनी केलं. बाई देवळात जात नाहीत, देव मानत नाहीत. माझ्या वर्गमित्राला मारलं त्या रात्री त्यांनी त्याला रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी मारणाऱ्या चौघांच्या घरी एकट्या गेल्या, प्रत्येकाच्या आईला एवढंच म्हणाल्या, तुमच्या मुलामुळे पडलेले टाके एकदा बघून या. चौघींतली एक खरंच गेली, तांदळाची पेज घेऊन गेली. ती देवीची कडक उपासवाली बाई, सोमवार मंगळवार सोडत नाही, आणि तिला कोणी विचारलं तर ती मानवतावाद वगैरे काही म्हणणार नाही.

पालखीचं मिटायला पुढे नऊ वर्षं गेली. आता मागच्या दांडीला माझ्या मित्राचा खांदा असतो, भुवईवरचा वण अजून दिसतो. पुढच्या दांडीचं बोलणं अजून कोणी काढलेलं नाही, यंदाच्या बैठकीत मी काढणार आहे.