नॅरोबोटच्या जुन्या डांबरावर इपॉक्सी चालेल का?

प्रश्न थोडक्यात: इंग्लंडच्या कालव्यावर ५७ फुटी जुनी नॅरोबोट (कालव्यासाठीची अरुंद, लांबट पोलादी बोट) घेतली आहे. आधीचा मालक दर दोन-तीन वर्षांनी काळं डांबर (बिटुमेन) देत होता. त्यावरच टू-पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक रंग) मारून दर वेळची कटकट संपवता येईल का?

नाही. इपॉक्सीतलं थिनर खालचं डांबर विरघळवतं, ते वर झिरपतं आणि कडक थर मऊ थरावर बसतो. वर्षभरात हाताएवढ्या खपल्या निघू लागतात आणि पैसे कालव्यात. उलटं मात्र चालतं: घट्ट बसलेल्या जुन्या इपॉक्सीला घासून खरखरीत केलं, तर त्यावर डांबर देता येतं.

आधी खाली नक्की काय आहे ते बघा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. पांढऱ्या फडक्याला व्हाइट स्पिरिट (टर्पेंटाइनसारखं रंगाचं थिनर) लावून पाण्याच्या रेषेच्या वर एका जागी मिनिटभर चोळा. फडकं तपकिरी-काळं झालं तर डांबर. स्वच्छ राहिलं तर वरचा थर तरी डांबराचा नाही. मग खरवडून खालचे थरही तपासा.

डांबर निघालं की दोनच वाटा. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा डांबर, किंवा एकदा ग्रिट ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा) करून पत्रा पूर्ण उघडा पाडा आणि मग इपॉक्सी. ब्लास्टिंग 'एसए २.५' दर्जाचं (गंज आणि जुना रंग जवळजवळ पूर्ण काढणारं) मागा. ग्राइंडरवरच्या वायर ब्रशने ते काम होत नाही, तो गंज पुसण्याऐवजी चकचकीत करतो. शिवाय जुन्या बोटींच्या पत्र्यावर रोलिंग मिलमधली निळसर-काळी खपली (मिल स्केल) राहिलेली असते. तिला तडा गेला की तिथला उघडा पत्रा अ‍ॅनोड (गंजून झिजणारी बाजू) बनतो आणि आजूबाजूची खपली शाबूत राहून त्या एका ठिपक्यात खोल खड्डा पडतो. ती पुरती निघते ती ब्लास्टिंगनेच.

माझं मत विचाराल तर बोट अजून दहा वर्षं ठेवणार असाल तरच ब्लास्टिंगचा खर्च करा. दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर डांबर पुष्कळ झालं.

डांबराची पद्धत. ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) बोट चढली की शेवाळ वाळायच्या आत प्रेशर वॉशरने धुवा. वाळलेलं शेवाळ सिमेंटसारखं चिकटतं. मग सुटे थर खरवडा, गंजाच्या जागी नीडल गन (सुयांनी ठोकून गंज उडवणारं यंत्र) चालवा. सर्व्हेयर बोलवायचा असेल तर याच वेळी, रंगाच्या आधी. बाजूचा पत्रा बहुधा ६ मिमी आणि तळाचा १० मिमी असतो; अल्ट्रासाउंडने बाजू ४ मिमीच्या खाली आली तर विमावाले कुरकुर करतात. अ‍ॅनोडचं, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांचं, वेल्डिंगही याच टप्प्यावर. केबिनच्या पत्र्याला आतून फोम चिकटवलेला असतो, तेव्हा वेल्डिंग चालू असताना आत एक माणूस आणि अग्निशामक नळकांडं हवंच.

५७ फुटी बोटीच्या दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ साधारण ४० चौरस मीटर. डांबर एका लिटरमध्ये ५ ते ६ चौरस मीटर जातं, म्हणजे तीन हातांना २० ते २५ लिटर. पाण्याच्या रेषेच्या वर-खाली वीतभर पट्ट्याला चौथा हात द्या. गंज बोटीला सर्वांत जास्त तिथेच खातो: वरचा भाग हवेतला प्राणवायू घेतो, जरा खालच्या भागाला तो कमी मिळतो आणि तो गंजतो, त्यात लॉकच्या भिंती आणि हिवाळ्यातला बर्फ रंग घासून नेतात. कडा आणि वेल्डचे सांधे आधी ब्रशने रंगवून घ्या. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो, रोलरचा थर तिथे कागदाएवढाही उरत नाही. आणखी एक खोड: डांबर डिझेलमध्ये विरघळतं. शेजारच्या बोटीने बिल्जचं (बोटीच्या तळाशी आत साचलेलं) तेलकट पाणी सोडलं तर तुमच्या बोटीच्या रेषेवरचं डांबर मऊ पडतं.

इपॉक्सीला हवामान फार लागतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. हवा १२ अंश, आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण ९.६ येतो, पत्रा १२.६ च्या वर हवा. डॉकच्या सावलीत तो ११ वर असतो. हाताला कोरडा लागला तरी त्या दिवशी डबा उघडू नका. एप्रिल ते सप्टेंबर हा खरा हंगाम.

भाग एक आणि दोन डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर थर लवकर वाळत नाही, तो ठिसूळ किंवा चिकट राहतो. ६० टक्के घन भाग असलेल्या रंगाचा १२५ मायक्रॉन कोरडा थर हवा असेल तर ओला सुमारे २१० मायक्रॉन लागतो; कंगव्यासारखी स्वस्त पट्टी मिळते, ती ओल्या रंगात टेकवून बघत राहा. दोन्ही बाजूंच्या दोन हातांना, वाया जाणारं धरून, २० लिटर. पहिला हात तांबूस आणि दुसरा काळा घ्या, सुटलेल्या जागा लगेच दिसतात. दुसऱ्या हाताची मुदत उलटली तर पृष्ठभाग घासून निस्तेज केल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. तळही याच वेळी रंगवा, आणि बोट ज्यावर टेकलेली असते त्या ठोकळ्यांच्या जागा सुटू नयेत म्हणून मध्ये एकदा ठोकळे सरकवून घ्या. पाण्यात सोडण्याआधी इपॉक्सीला साधारण आठवडा, डांबराला तीन-चार दिवस द्या.

खड्ड्याच्या तोंडावर नारिंगी फोड असेल तर तो फोडून पाहा. आत काळा चिखल आणि त्याखाली लखलखीत पत्रा दिसला तर तो सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा उद्योग असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसता रंग मारून झाकला तर खाली काम चालूच राहतं. ब्लास्ट करा, गोड्या पाण्याने जोरात धुवा, वाळवा, मग रंग.

अ‍ॅनोड मॅग्नेशियमचे घ्या, कालव्याचं पाणी गोडं असतं. जस्त खाऱ्या पाण्यासाठी. गोव्यात मांडवीच्या मुखाशी बांधलेल्या बार्जला ते योग्य, इथे ते जवळजवळ झोपून राहतं. अ‍ॅनोडवर रंगाचा थेंबही पडू देऊ नका, चिकटपट्टी लावून ठेवा.

आणि मरीनामध्ये किनाऱ्यावरची वीज जोडत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगमधून वाहणारा, पत्रा खाणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) आहे का ते बघा. अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या तारेतून तुमची बोट शेजाऱ्यांच्या बोटींना आणि काठाच्या लोखंडी पायल्सना (जमिनीत ठोकलेल्या खांबांना) जोडली जाते. आयसोलेटर नसेल तर तुमचे अ‍ॅनोड त्या सगळ्यांची राखण करता करता संपतात, त्यानंतर तुमचा पत्रा.

बाहेरचं सगळं केलंत तरी केबिनच्या मागच्या टोकाची फळी उचलून आत हात घाला. शॉवरची गळती आणि खिडक्यांवरचं दव खाली तिथेच साचतं. हाताला ओलं लागलं तर पत्र्याला आतूनही गंज खातोय. आधी गळती शोधा, बोट डॉकवर चढवायची तारीख नंतर ठरवा.