फॉर्मकडे आधी लक्ष द्या
संकेतस्थळ घडवायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मुखपृष्ठाच्या सजावटीआधी फॉर्मकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वापरणारा बहुधा तिथेच अडतो. रकान्याचे नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत दिले, तर टाइप करू लागताच ते नाहीसे होते आणि तिथे नेमके काय भरायचे होते हे पाहण्यासाठी लिहिलेले पुसावे लागते. म्हणून ते नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असे ठेवावे. चूक झाल्यास ‘अवैध माहिती’ एवढेच न म्हणता ‘मोबाइल क्रमांकात एक अंक कमी आहे’ असे त्याच रकान्याखाली सांगावे, आणि भरलेली बाकीची माहिती मुळीच पुसली जाऊ देऊ नये. साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन्हींच्या उजळपणातील फरक दाखवणारे गुणोत्तर, किमान ४.५:१ असावा.