विस्कळीत जाळीला लगेच नावं ठेवू नकोस

घन इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या घन पदार्थावर, नव्याने काम करतोयस, तर एक्सआरडीची (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीची) शिखरं जुळली की काम फत्ते असं समजू नकोस. स्फटिकाच्या जाळीत कुठल्या जागेवर कोणता आयन किती प्रमाणात बसलाय, ते बघ. गंधकयुक्त लिथियम आर्जिरोडाइट हा असाच एक इलेक्ट्रोलाइट घे. क्लोराइड प्रकारात क्लोरीन आणि गंधक एकमेकांच्या जागा बळकावतात, आणि हीच विस्कळीतता लिथियमला वाट करून देते. आयोडाइड आयन आकाराने मोठा, तो जागा सोडत नाही. मग लिथियम जाळीतल्या जवळजवळच्या जागांच्या एकाच पिंजऱ्यात घुटमळतं, शेजारच्या पिंजऱ्यात उडी पडत नाही आणि वाहकता जवळपास हजारपटीने खाली येते. गंमत म्हणजे आयोडाइडची जाळी जास्त मऊ आणि ऐसपैस. कागदावर तोच जिंकायला हवा होता!

पण म्हणून सगळंच विस्कटत सुटू नकोस. लिथियम यट्रियम क्लोराइड बॉल मिलमधून (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रातून) काढल्या काढल्या, विस्कळीत असतानाच बरं चालतं, तापवून स्फटिकता वाढवली की वाहकता घटते. लिथियम यट्रियम ब्रोमाइडचं नेमकं उलट. त्यामुळे भट्टीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा इम्पिडन्स (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा रोध) मोज, तेही वेगवेगळ्या तापमानांना. आणि मोजायच्या भुकटीची गोळी घट्ट दाब, नाहीतर कणसीमांचा (कण एकमेकांना भिडतात तिथला) रोध जाळीच्या माथी मारशील.