आधी उंदराकडे बघ

फोंडा, गोवा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

७ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआय स्कॅनरवर उंदरांची चित्रं काढायचं काम मिळालं, उत्तम झालं. आता पल्स सीक्वेन्सची, म्हणजे रेडिओ-लहरी कोणत्या क्रमाने सोडायच्या त्याची, पुस्तकं जागून वाचशील, वाच. पण सुरुवातीला चित्रं बिघडतील ती बहुधा उंदीर बेडवर नीट न ठेवल्यामुळे.

मडगावच्या मे महिन्यातल्या उकाड्यात वाढलेल्या तुला २० अंशांची स्कॅनर-रूम सुखाची वाटेल. २५ ग्रॅमच्या उंदराला ती सोसत नाही. आयसोफ्लुरेन वायूच्या भुलीत त्याला शरीराचं तापमान राखता येत नाही आणि एवढ्याशा अंगातून उष्णता भराभर निघून जाते. म्हणून भूल द्यायच्या आधीच बेडमधलं गरम पाणी फिरतं ठेव. गुदद्वारातल्या सेन्सरवर ३७ च्या आसपास आकडा हवा. तो एकदम ३२ वर आला तर लगेच हीटर वाढवायचा नाही, आधी सेन्सर निसटलाय का ते बघायचं. निसटलेला सेन्सर थंडच दाखवणार, आणि हीटर ऑटोवर असेल तर उंदीर भाजेल.

भूल चढवायच्या चेंबरमध्ये आयसोफ्लुरेन ३ ते ४ टक्के, मग बेडवर नाकावरच्या नोज कोनमध्ये १ ते २. वरचे दात बाइट बारमध्ये (दात अडकवायच्या पट्टीत) अडकलेत ना, ते बोटाने चाचपून बघ. नाक अर्धवट बाहेर राहिलं तर गॅस गळतो आणि ऐन स्कॅनमध्ये उंदीर हलतो. डोळ्यांना मलम लाव. डोकं पक्कं बांध, छातीवर मात्र टेप आवळू नकोस. श्वास मिनिटाला ५० ते ८० असावेत. ४० च्या खाली गेले की भूल कमी कर. श्वासाचा आलेख सपाट झाला तर बहुतेकदा पोटाखालची श्वास टिपणारी हवेची उशी सरकलेली असते, पण तसं गृहीत धरू नकोस. स्कॅन थांबवून उंदीर बाहेर काढ.

कानातला धातूचा टॅग आधीच काढ, नाहीतर मेंदूच्या त्या बाजूला काळा खड्डा दिसेल.

कॉइलचं (सिग्नल पकडणाऱ्या अँटेनाचं) ट्यूनिंग-मॅचिंग म्हणजे जुळवणी आणि शिमिंग म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं, दोन्ही दर प्राण्याला नव्याने, कालचं चालत नाही. मेंदूसाठी २० मिमी फील्ड ऑफ व्ह्यू (चित्रात येणारी रुंदी), २५६ चं मॅट्रिक्स (दर बाजूला तेवढे पिक्सेल), ०.५ मिमी स्लाइस (कापाची जाडी), एवढ्यावर सुरुवात कर. यात पिक्सेल ७८ मायक्रॉनचा पडतो. आणखी बारीक चित्राचा मोह होईल, पण व्हॉक्सेलची (पिक्सेलमागच्या छोट्या ठोकळ्याची) प्रत्येक बाजू निम्मी केलीस की सिग्नल आठवा हिस्साच उरतो. यकृतासाठी श्वासावर गेटिंग, म्हणजे श्वासाच्या तालावरच सिग्नल घेणं, हवंच. श्वास मिनिटाला ६० असतील तर ३ सेकंदांचा टीआर (दोन पल्समधलं अंतर) म्हणजे दर तिसरा श्वास; श्वास मंदावला की टीआर लांबतो आणि कॉन्ट्रास्ट (चित्रातला उजेड-काळोखाचा फरक) बदलतो. दोन गटांची तुलना करताना हे विसरू नकोस.

स्कॅन संपल्यावर आयसोफ्लुरेन बंद, ऑक्सिजन चालू. उंदीर उबदार पिंजऱ्यात एकटा ठेव. चालू लागेपर्यंत इतरांत सोडू नकोस.

कळावे.