पावसात माती वाहते, उन्हाळ्यात दगड होते

प्रश्न: ताई, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे छोटी बाग आहे, पावसाळ्यात माती वाहून गटारात जाते आणि मार्चपासून तीच माती दगडासारखी कडक. काय करू? – एक वाचक

उत्तर: दादा, दोन्ही त्रासांचं मूळ एकच, उघडी माती. मुंबईत वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, त्यामुळे थेंब जोरात आपटून मातीचे बारीक कण सुटतात, वरची छिद्रं बुजतात, मग पाणी मुरतच नाही, नुसतं वाहतं, आणि तोच बुजलेला थर उन्हात वाळून कडक होतो. म्हणून मेअखेरीस वाळक्या पानांचा चार बोटं जाड थर द्या, फक्त खोडाला चिकटू देऊ नका, कुजतं. मोकळ्या जागेत ताग (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा आणि फुलं येताच कापून तिथेच मातीत मिसळा. उताराला आडवा चर खणून त्यात नारळाची सोडणं भरा, ती पाणी मस्त धरून ठेवतात. जुलैत युरिया प्लीज नको, सगळा धुऊन जातो, कंपोस्ट पाऊस ओसरल्यावर द्या. आणि गच्चीचं पाणी वाया घालवू नका हो, १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिमी पाऊस म्हणजे तब्बल १००० लिटर! ते शोषखड्ड्यात सोडा, पण खड्डा बिल्डिंगच्या पायापासून लांब घ्या.